बँडमधून सेशनला जायचंय? ड्रमरनी आधी काय करायचं

बँडमध्ये गाणं प्रॅक्टिस रूममध्ये महिनाभर घोटून घेता येतं, सेशनला, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाण्यावर स्टुडिओत वाजवायला गेलात, की ते तुम्ही सकाळी पहिल्यांदा ऐकता आणि जेवायच्या आत फायनल टेक (शेवटचं रेकॉर्डिंग) द्यायचा असतो. सगळा फरक इथेच आहे.

अमेरिकन ड्रमर केनी ॲरोनॉफचं बघा. १९८० ला रॉक गायक जॉन मेलनकॅम्पच्या बँडमध्ये लागला आणि थोड्याच दिवसांत कळलं की अल्बमवर याच्याऐवजी सेशनवाले ड्रमर वाजवणार. दुसरा कोणी चिडून घरी गेला असता, हा तिथेच थांबून ते लोक कसं वाजवतात ते बघत बसला. पुढे १९८२ च्या 'जॅक अँड डायॅन' गाण्यात ड्रम मशीन आणलं, तर त्याचं प्रोग्रॅमिंग यानेच केलं आणि मधला तो दणदणीत फिलही (तालाच्या मध्ये येणारा ड्रमचा छोटा तुकडा) यानेच वाजवला. बँड सोडला १९९६ ला, पण १९९० लाच बॉब डिलन आणि इगी पॉप दोघांच्या अल्बमवर वाजवून झालेलं! त्यामुळे बँड सोडून मग काम शोधू असं अजिबात करू नका, बँडमध्ये असतानाच बाहेरची कामं धरा.

आता मेन गोष्ट, चार्ट, म्हणजे गाण्याचा कागदावरचा नकाशा. ॲरोनॉफ गाणी कागदावर उतरवून घेतो, तुम्हीही घ्या, आणि पेन्सिलनेच, कारण अरेंजमेंट हमखास बदलते. वर टेम्पो लिहा, मग ऐकता ऐकता बार (ठरावीक बीटचा एक तुकडा, बहुतेक ४ चा) मोजत जा, इंट्रो ४, व्हर्स ८ अधिक ८, कोरस ८, असं एकाखाली एक. किकचा (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पॅटर्न फक्त एक बार लिहायचा आणि पुढे 'सेम'. जिथे सगळे थांबतात किंवा मध्येच २ बीटचा बार येतो तिथे मोठा गोल करा, लोक तिथेच आपटतात. अख्खं गाणं एका पानात बसवा, टेक चालू असताना पान कोण उलटणार?

क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, रोज बसा. मिनिटाला ६० बीटला लावून नुसता किक-स्नेअर वाजवा, स्नेअर बरोबर क्लिकवर पडला की क्लिक ऐकूच येत नाही, ऐकू आला तर तुम्ही पुढे नाहीतर मागे आहात. फास्ट वाजवणं सोपंय हो, ६० ला भलेभले घसरतात.

हायहॅट हळू वाजवा. गिगला ठोकायची सवय असते पण स्टुडिओत तो स्नेअरच्या माइकमध्ये घुसतो आणि मग मिक्सिंगवाला बिचारा काहीच करू शकत नाही. दोन स्नेअर न्या, एक खोल एक कडक, आणि स्नेअरचा घुमणारा आवाज दाबायला टेप. प्रोड्युसर म्हणाला फिल काढ, तर काढा, वाद नको.

पैशाचं मात्र जायच्या आधी मेसेजवर लिहून घ्या, गाण्यामागे की शिफ्टचे, कारण 'अजून एक छोटंसं आहे' म्हणत तिसरं गाणं तुमच्यासमोर येणारच.