आघातानंतर माणूस ‘हरवतो’ तेव्हा त्याला भानावर कसं आणावं

अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार यांतून गेलेली व्यक्ती कधी बोलता बोलता गप्प होते. नजर एका जागी खिळते, उत्तर उशिरा येतं, आवाज सपाट होतो. नंतर ती सांगते, ‘सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटत होतं’ किंवा ‘हात माझे वाटतच नव्हते.’ याला डिसोसिएशन म्हणतात. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, याच्या निदानात २०१३पासून याचा स्वतंत्र उपप्रकार आहे.

पळता येत नाही आणि लढताही येत नाही, तेव्हा मेंदू जाणिवेलाच ब्रेक लावतो. त्या क्षणी याने जीव सांभाळला जातो. पण पुढे एखादा वास, आवाज, तारीखसुद्धा तोच ब्रेक दाबते. हे नाटक नव्हे, बाहेरची बाधा तर नाहीच. म्हणून चप्पल किंवा कांदा हुंगवणं, थोबाडीत मारणं, तोंडावर पाणी फेकणं, काहीही करू नका. अत्याचार सोसलेल्या शरीराला तो नवा हल्लाच वाटतो.

समोरून, थोडं अंतर ठेवून बोला. छोटी वाक्यं, नेहमीचा आवाज: ‘मी मावशी. आज मंगळवार आहे. तू घरी आहेस, दार आतून लावलंय.’ जे खरं असेल तेच सांगा. हात लावायचा असेल तर आधी विचारा, आणि उत्तर आलं नाही तर लावू नका.

डोळे उघडे ठेवायला सांगा. ‘डोळे मिटून खोल श्वास घे’ हा सल्ला इथे अनेकदा उलटा पडतो. लक्ष आत वळलं की आठवण अधिक जवळ येते. भराभर खोल श्वास घेतले तर गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि परकेपणा वाढतो. त्याऐवजी पाय फरशीवर टेकवून टाचा दाबायला लावा. समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने म्हणायला सांगा, मग ऐकू येणारे तीन आवाज. जमत नसेल तर रुमालात गुंडाळलेला बर्फ अर्धा मिनिट तळहातावर धरू द्या, किंवा लिंबाची साल चुरगळून वास घेऊ द्या. मात्र वास मूळ प्रसंगाशी जोडलेला नसावा. हे सगळं शांत असताना दोन-तीनदा करून पाहा, कारण ऐनवेळी नवीन गोष्ट सुचत नाही.

भानावर आल्यावर ‘नेमकं काय आठवलं?’ असं खोदू नका. पाणी द्या, बसू द्या. वहीत वेळ, आधी काय घडलं आणि किती मिनिटं गेली एवढं टिपा. ही वही मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. डिसोसिएशन आहे म्हणून आघातावरचे उपचार टाळायचे नसतात, पण तज्ज्ञांना त्याची कल्पना मात्र हवी. मनाने झोपेच्या गोळ्या देऊ नका. दारूने तर हे बिघडतंच.

असं पहिल्यांदाच होत असेल, जीभ चावली असेल, कपड्यात लघवी झाली असेल किंवा आधी डोक्याला मार लागला असेल तर फिट किंवा मेंदूला इजा नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. स्वतःला इजा करण्याचं बोलणं आलं तर व्यक्तीला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.