नववर्षाच्या जपानी ठसाचित्रांतील प्राणी कसे ओळखावेत

एदो काळाच्या (१६०३–१८६८) उत्तरार्धात जपानमधील काव्यमंडळे नववर्षानिमित्त सभासदांच्या क्योका, म्हणजे पाच ओळींच्या विनोदी, कविता व त्यांना साजेसे चित्र लाकडी ठशांवरून छापून घेत आणि स्नेह्यांना भेट देत. ही सुरिमोनो चित्रे सहसा विक्रीसाठी नसत. त्यामुळे जाणकारांनाच उमगतील अशा खुणा त्यांत मोकळेपणाने पेरलेल्या आढळतात.

जपानी कालगणनेत दर वर्षाला बारा प्राण्यांपैकी एक क्रमाने नेमलेला असतो. म्हणून चित्र हाती आल्यावर प्रथम त्या वर्षाचा प्राणी आणि दरवर्षी चालणारे शुभ प्राणी वेगळे करावेत. हजार वर्षे जगतो असा समज असलेला क्रौंच, शेपटीसारखे लांब शेवाळ मागे सोडणारे दीर्घायुषी कासव आणि पहिल्या स्वप्नात फुजी पर्वत व वांग्यासह दिसावा असा ससाणा हे कोणत्याही वर्षी येतात. त्यांच्यावरून साल ठरवू नये.

वर्षाच्या प्राण्यासाठी इसवी सनाला १२ने भागून बाकी पाहावी: ४ उरल्यास उंदीर, मग क्रमाने बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा व रानडुक्कर. घोड्याची बाकी १० असल्याने १८१०, १८२२ व १८३४ ही तिन्ही घोड्याचीच वर्षे ठरतात. त्यांतले नेमके कोणते, हे चित्रकाराची सही आणि कवींची नावे पाहूनच ठरवावे लागते.

खरी कसोटी लागते ती प्राणी समोर नसताना. प्रसिद्ध ठसाचित्रकार होकुसाईने १८२२ सालासाठी केलेल्या मालिकेतील अनेक चित्रांत घोडा दिसतच नाही. वस्तूंच्या नावांतून आणि कथांच्या संदर्भांतून तो सुचवलेला आहे, आणि मला या कलेचे सर्वांत मोठे वैभव त्यातच दिसते. अशा वेळी त्या प्राण्यांशी जोडलेल्या देवतांचाही आधार घ्यावा. बेन्झाइतेन, म्हणजे मूळची आपली सरस्वती, दिसली तर सापाचे वर्ष तपासावे. धनदेवता दाइकोकू दिसला तर उंदराचे. माकडाबाबत मात्र सावध राहावे, कारण ते तबेल्याचे रक्षक मानले जाई आणि माकडवाले नववर्षात खेळ करीत, म्हणून ते घोड्याच्या किंवा इतर वर्षीही येऊ शकते.

शेवटी चित्र बाजूने येणाऱ्या मंद उजेडात तिरके धरून पाहावे. क्रौंचाची पिसे अनेकदा रंगाविना, केवळ दाबाने कागदावर उठवलेली असतात आणि समोरच्या उजेडात ती कोऱ्या कागदासारखी भासतात.