मूळव्याधीच्या ऑपरेशनआधीची घरची तयारी

ऑपरेशननंतर पहिला आठवडा दुखतंच, पण माणूस सर्वांत जास्त घाबरतो ते पहिल्या शौचाला. ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते, तेव्हा सामान आधीच घरात हवं.

मेडिकलमधून कमोडवर बसणारा प्लास्टिकचा टब आणा. दिवसातून तीन-चारदा आणि प्रत्येक शौचानंतर कोमट पाण्यात 10 ते 15 मिनिटं बसायचं. जखमेइतकाच गुदद्वाराभोवतीचा आवळलेला स्नायू दुखतो, तो कोमट पाण्याने सैल पडतो. पाणी मनगटावर घालून पाहा, चटका बसता कामा नये. डेटॉल मुळीच नको, झोंबतं. नंतर मऊ सुती कापडाने नुसतं टिपायचं, घासायचं नाही.

नीमच-मंदसौरकडची इसबगोलची भुशी इंदूरमध्ये कुठल्याही किराणा दुकानात मिळते. डॉक्टरांना विचारून रात्री एक-दोन चमचे घ्या, पण भरलेला पेलाभर पाण्यातूनच. पाणी कमी पडलं तर ती घट्ट होऊन उलट अडकते. जेवायला दलिया, मुगाची खिचडी, दुधी, पपई. सेव आणि जिरावन (इंदुरी तिखट मसाला) घातलेले पोहे आणि कचोरी महिनाभर बंद, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

गोळ्या घड्याळ पाहून घ्यायच्या, कळ उठायची वाट पाहून नाही. पाठीतल्या इंजेक्शनची भूल उतरायच्या आतच पहिली गोळी पोटात गेलेली बरी. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिली असेल तर वेळा फ्रिजवर लिहून लावा, आणि सर्दीच्या गोळीतही तीच असते हे विसरू नका, मात्रा दुप्पट होते. ट्रॅमाडोल ही जास्त जोराची वेदनाशामक गोळी लिहून दिली असेल तर शौच मऊ करणारं औषधही मागून घ्या, कारण ती बद्धकोष्ठ करते. ॲसिडिटी, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे ऑपरेशनआधीच सांगा.

कमोडसमोर पाय टेकवायला छोटं स्टूल ठेवा, मोबाइल बाहेर. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, कुंथू नका. थोडं रक्त दिसेल. गाठी पडल्या, रक्त थांबेना, ताप 101 च्या वर गेला किंवा लघवी सहा-आठ तास झाली नाही, तर ताबडतोब दवाखाना गाठा. खपल्या सुटताना दुसऱ्या आठवड्यातही रक्त जाऊ शकतं, म्हणून दोन आठवडे गावाबाहेर जायचं ठरवू नका.