एमएस आणि ऑटोइम्यून न्यूरोलॉजीकडे वळताना

न्यूरोलॉजीचं प्रशिक्षण संपत आलं की बरेच ज्युनिअर विचारतात, एमएसकडे (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उलटण्याचा आजार) वळावं का? मी बिनदिक्कत हो म्हणतो. फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट शार्कोने १८६८ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, पण त्याची वाटचाल बदलणारं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, मंजूर व्हायला १९९३ साल उजाडलं. आज डझनाहून जास्त औषधं हाताशी आहेत. कुणाला कोणतं आणि कधी द्यायचं, हे ठरवणारी माणसं मात्र कमी पडतात.

फेलोशिप साधारण एक-दोन वर्षांची असते. निवडताना संस्थेच्या नावापेक्षा तिथली ओपीडी बघा. तेच पेशंट वर्षानुवर्षं परत येतात का? रेडिओलॉजिस्टशेजारी बसून एमआरआय बघायची पद्धत आहे का? नुसते रिपोर्ट वाचून एमएस शिकता येत नाही. व्हेंट्रिकलला (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीला) काटकोनात चिकटलेले लंबगोल डाग आणि मायग्रेनच्या पेशंटमधले विखुरलेले बारीक ठिपके, यांतला फरक नजरेत मुरावा लागतो. अशा ठिपक्यांवरून एमएसचा शिक्का बसलेली आणि वर्षानुवर्षं इंजेक्शनं टोचून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. तो शिक्का पुसणं हेही आपलंच काम. एमएसच्या निदानाचे मॅकडोनाल्ड निकष जरूर पाठ करा, पण लक्षणं एमएसला साजेशी असतील तरच ते लावायचे असतात.

म्हणून हिस्टरीला, म्हणजे पेशंटची हकिगत ऐकायला, वेळ द्या. डोळा हलवला की दुखतं आणि दोन-चार दिवसांत दिसणं कमी होत गेलं, असं कुणी सांगितलं की लाल टोपण हातात घ्या. आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने बघायला सांगा. दृष्टीची नस सुजलेल्या डोळ्याला तोच लाल रंग फिका, विटल्यासारखा दिसतो. मग टॉर्च चांगल्या डोळ्यावरून त्या डोळ्यावर न्या. प्रकाश पडूनही बाहुली मोठी होताना दिसेल. आणि पाय पुन्हा जड झाले म्हणून आलेल्या जुन्या पेशंटला लगेच स्टेरॉइड लावू नका. आधी ताप आणि लघवीचं इन्फेक्शन तपासा, कारण त्यांनीही जुनी लक्षणं तात्पुरती उसळतात.

ऑटोइम्यून बाजू, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटते असे इतर आजार, तर आमच्या डोळ्यांदेखत उभी राहिली. २००४ मध्ये एनएमओची (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, दृष्टीची नस आणि मज्जारज्जूवर घाला घालणारा आजार) अँटिबॉडी सापडली आणि तो एमएसहून वेगळा आजार असल्याचं पक्कं झालं. हा फरक जिवावर बेतू शकतो, कारण इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमोड या एमएसच्या औषधांनी एनएमओ चिघळू शकतो. २००७ मध्ये एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसचं, म्हणजे मेंदूतल्या एका रिसेप्टरवर अँटिबॉडी उलटून होणाऱ्या मेंदूच्या दाहाचं, कोडं सुटलं. धडधाकट तरुणी काही दिवसांत असंबद्ध बोलू लागते, भास होतात, मानसोपचार विभागात दाखल होते. मग फिट्स येतात, तोंडाच्या विचित्र हालचाली सुरू होतात. अशा वेळी अंडाशयात गाठ आहे का ते शोधायलाच हवं. उपचार वेळेत मिळाले तर यातल्या बहुतेक जणी सावरतात, मात्र त्याला महिनोन्महिने लागतात. घरच्यांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

अँटिबॉडीचा रिपोर्ट आला की ती कोणत्या पद्धतीने तपासली ते विचारा. सेल-बेस्ड (जिवंत किंवा जतन केलेल्या पेशींवर केलेली) तपासणी जास्त भरवशाची. एमओजी (नसांच्या आवरणातलं एक प्रथिन) या अँटिबॉडीचा अगदी कमी टायटर, म्हणजे रक्तातलं प्रमाण, मात्र फसवा असू शकतो.

एमएसचं निदान सांगायचं असेल त्या दिवशी दोन पेशंट कमी घ्या. पहिल्या भेटीत समोरच्याच्या डोक्यात फारसं काही शिरत नाही. आठवड्याभरात पुन्हा बोलवा आणि मूल, नोकरी, चालणं, जे मनात येईल ते कागदावर लिहून आणायला सांगा.