पडद्यावरून इंजिनिअरिंग शिकताना : कोकणातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

डिप्लोमा संपवून लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेली, किंवा डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळून तिथल्या वेगाने दमलेली मुले-मुली भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात : घरी बसून, ऑनलाइन, इंजिनिअरिंगचा विषय खरोखर शिकता येतो का? मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून कारखान्यात लागले आणि सिग्नल्स, कंट्रोल सिस्टिम्स, ॲनालॉग सर्किट्स हे विषय नोकरी सांभाळून पडद्यावरूनच शिकले, त्यामुळे माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ज्या यंत्रावर आपण शिकतो त्याचा परिणाम आपले लक्ष कुठे जाते, स्मरणात काय उरते आणि आपल्याला किती येते याचा आपण स्वतः काय अंदाज बांधतो, या तिन्हींवर सतत होत असतो. त्यातला शेवटचा परिणाम सर्वांत घातक, कारण तो जाणवतच नाही. म्हणून इथे जास्त जागा मी त्यालाच देणार आहे.

आधी एक व्यवहाराची गोष्ट. ऑनलाइन कोर्स आणि ऑनलाइन पदवी यांत गल्लत करू नये. घरबसल्या बी.ई. किंवा बी.टेक. मिळवून देण्याची जाहिरात दिसली तर पैसे भरू नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने इंजिनिअरिंगची पदवी देण्यास मनाई आहे. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यता न घेता पत्रद्वारा दिलेल्या अशा पदव्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिला, तेव्हा त्या पदवीच्या आधारावर नोकरीत वर चढलेल्या अनेकांची झोप उडाली होती. आयआयटी मद्रासचे डेटा सायन्स आणि इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचे अभ्यासक्रम बी.एस. पदवीचे आहेत, बी.टेक.चे नव्हेत, त्यांच्याही परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगांसाठी चेन्नई गाठावे लागते. तेव्हा पदवी कॉलेजातूनच घ्यावी आणि विषय पक्का करण्यासाठी ऑनलाइन कोर्सची मदत घ्यावी, हा सरळ मार्ग.

त्यासाठी माझ्या मते एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या प्रकल्पापेक्षा चांगली सोय आपल्याकडे दुसरी नाही. सात आयआयटी आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. कोर्स चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा असतो, नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरून केंद्रावर जावे लागते. दर आठवड्याच्या असाइनमेंटचे मिळून २५ गुण आणि परीक्षेचे ७५. उत्तीर्ण होण्यासाठी पहिल्यात १० आणि दुसऱ्यात ३० स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम गुणांच्या आठच असाइनमेंट धरल्या जातात, आणि आपल्या भागातल्या विद्यार्थ्याला या नियमाचा फार आधार आहे. जुलैत सुरू होणाऱ्या सत्रात गणपती येतात, मुंबईहून माणसे येऊन घर भरते आणि त्या आठवड्यात कोणी कितीही ठरवले तरी अभ्यास होत नाही. जुलै-ऑगस्टच्या वादळी पावसात लाईट दोन-दोन दिवस येत नाही, ते वेगळेच. जानेवारीच्या सत्रात शिमगा असतो, आणि ज्यांच्या घरी आंब्याची बाग आहे त्यांना परीक्षेच्याच सुमारास पेट्या भरायला उभे राहावे लागते. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच कॅलेंडर घेऊन कोणते आठवडे जाणार ते खुणावून ठेवावेत, आणि बागायतदाराच्या मुलाने जानेवारीत बारा आठवड्यांच्या कोर्सऐवजी आठ आठवड्यांचा घ्यावा. रेंजचा प्रश्न असेल तर व्याख्याने आधी उतरवून घ्यावीत. चिपळूण-रत्नागिरीला काही कामाने गेलात की आठवड्याभराचे व्हिडिओ फोनमध्ये भरून आणता येतात. ते नेट बंद ठेवून पाहण्याचा दुसराही एक फायदा आहे, त्याविषयी पुढे लिहिते.

आता मुख्य मुद्दा. साहित्य आता सगळ्यांना मिळते, तरी ते पूर्ण करणारे थोडे. २०१२ मध्ये एमआयटीने सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला मुक्त ऑनलाइन कोर्स काढला. तो शिकवणाऱ्यांचे प्रमुख अनंत अग्रवाल हे मूळचे आपल्याच किनाऱ्यावरच्या मंगळुरूचे. जगभरातून सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नाव घातले आणि उत्तीर्ण झाले ७,१५७, म्हणजे शंभरात पाचही नाहीत. सोडून जाणाऱ्यांत नुसते डोकावून पाहणारे पुष्कळ असणार हे खरे. तरीही जे मनापासून सुरुवात करतात तेही का गळतात, हे मी माझ्याबरोबर कोर्स घेतलेल्या सहकाऱ्यांत जवळून पाहिले आहे. पहिले तीन आठवडे सगळे समजते. प्राध्यापक फळ्यावर लाप्लास रूपांतर (समीकरणे सोपी करण्याची एक गणिती रीत) इतक्या सुरळीत मांडतात की पाहणाऱ्याची मान आपोआप हलत राहते. चौथ्या आठवड्यात असाइनमेंटमधले गणित बसत नाही, मग व्याख्यान पुन्हा पाहिले जाते, पुन्हा सगळे समजते आणि गणित पुन्हा बसत नाही. माणूस स्वतःला मंद ठरवतो आणि कोर्स सोडतो. वास्तविक त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. दुसऱ्याने सोडवलेले डोळ्यांनी पाहणे आणि स्वतः सोडवणे ही डोक्याची दोन निराळी कामे आहेत, आणि त्याने सराव फक्त पहिल्याचा केलेला असतो.

हा भास किती पक्का असतो याचा पुरावा हार्वर्डमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील अभ्यासात मिळतो. उत्तम वक्त्याचे सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण जास्त शिकलो असे वाटले, तर गटात बसून धडपडत प्रश्न सोडवणाऱ्यांना आपण कमी शिकलो असे वाटले. चाचणीत मात्र धडपडणारेच पुढे होते. त्याआधी २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला, काहींनी एकदाच वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने वाचणाऱ्यांच्या लक्षात ४० टक्के मजकूर उरला होता आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या ६१ टक्के. व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत असे मला कळकळीने वाटते.

माझी पद्धत यातूनच बसली. बोडे आलेखाचे, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार सिस्टिमचा प्रतिसाद कसा बदलतो ते दाखवणाऱ्या आलेखाचे, व्याख्यान असेल तर टेबलावर सेमी-लॉग कागद, पट्टी आणि पेन्सिल आधी ठेवते. प्राध्यापकांनी ट्रान्सफर फंक्शन (इनपुट-आउटपुटचे नाते सांगणारे सूत्र) फळ्यावर लिहिले की तिथेच व्हिडिओ थांबवते, फोन पालथा घालते आणि कॉर्नर फ्रिक्वेन्सी (जिथे रेषेचा उतार बदलतो ती) काढून तिरप्या रेषा स्वतः ओढते. कधी दहा मिनिटे लागतात, कधी अर्धा तास. पूर्ण झाल्यावर, किंवा पुरते अडल्यावरच, पुढचा भाग सुरू करायचा. आता प्राध्यापकांचा हात जिथे माझ्या रेषेपेक्षा वेगळा वळतो तिथे माझे सगळे लक्ष आपसूक एकवटते, कारण तो प्रश्न आता माझा झालेला असतो. अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला यात दीड तास सहज जातो. व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहिला तरी आकलनात फारसा फरक पडत नाही असे कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात २०२१ मध्ये दिसले, त्यामुळे वेग वाढवायला माझी हरकत नाही; वाचलेला वेळ कागदावर खर्च व्हावा एवढेच.

लक्षाविषयी. संगणकावर काम करणारा माणूस एका पडद्यावर किती वेळ टिकतो हे ग्लोरिया मार्क या संशोधक अनेक वर्षे मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास तो वेळ सरासरी अडीच मिनिटे होता, अलीकडे ४७ सेकंदांवर आला. कंट्रोल सिस्टिम्समधले एकही साधे गणित ४७ सेकंदांत सुटत नाही. आपल्या हाती असलेली ॲप माणूस न थांबता पुढे सरकत राहावा अशीच बांधलेली आहेत, तेव्हा केवळ निश्चयाच्या बळावर त्यांच्याशी झुंजण्यापेक्षा व्यवस्था बदललेली बरी. फोन नुसता टेबलावर असला तरी विचारशक्तीचा काही भाग त्यात अडकतो, असे २०१७ च्या एका प्रयोगात आढळले होते. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही. माझ्यापुरता अनुभव असा की लॅपटॉपवर अभ्यास असताना फोन माजघरात ठेवला की मनाची चुळबुळ पहिली दहा-पंधरा मिनिटे राहते आणि मग जाते. ज्यांच्याकडे फोन हेच एकमेव साधन आहे, आणि कोकणात अशांचीच संख्या मोठी आहे, त्यांनी उतरवलेले व्हिडिओ एअरप्लेन मोडवर पाहावेत. वर सांगितलेला दुसरा फायदा तो हाच : रेंज नसलेली वाडी या एका बाबतीत शहरातल्या खोलीपेक्षा बरी पडते.

इंजिनिअरिंगचे आणखी एक वेगळेपण आहे, ते म्हणजे हाताखालची वस्तू पडद्याचे ऐकत नाही. ७४१ हा ऑप-अँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप, घ्या. सिम्युलेटरमध्ये आदर्श ऑप-अँप ठेवून १० व्होल्ट शिखराची साइन लहर २० किलोहर्ट्झला दिली तर बाहेरही तशीच स्वच्छ लहर येते. प्रयोगशाळेत खरा ७४१ ब्रेडबोर्डवर लावून फंक्शन जनरेटरची फ्रिक्वेन्सी वाढवत गेलात तर ८ किलोहर्ट्झच्या आसपास लहरीच्या वळणदार बाजू सरळ रेषेसारख्या होऊ लागतात आणि २० ला सीआरओवर (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) चक्क त्रिकोण दिसतो, कारण या चिपचे आउटपुट एका मायक्रोसेकंदात साधारण अर्ध्या व्होल्टपेक्षा वेगाने बदलू शकत नाही. हा स्ल्यू रेट व्याख्यानात एका वाक्यात येऊन जातो; तो त्रिकोण एकदा डोळ्यांनी पाहिला की आयुष्यभर विसरत नाही. व्हर्च्युअल लॅबवरचे प्रयोग तयारीसाठी उत्तम आहेत, ते जरूर करावेत, पण त्यानंतर रत्नागिरी, मालवण किंवा जवळच्या ज्या पॉलिटेक्निकमध्ये ओळख असेल तिथल्या सरांना भेटून सुट्टीत थोडा वेळ मागावा. मनापासून विचारणाऱ्याला नाही म्हणणारे सर मला क्वचितच भेटले. घरी सुटे भाग ठेवायचे असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यात आयसीचे पाय काळे पडतात आणि मग सर्किट का चालत नाही ते कळत नाही.

कारखान्यातही हेच. पीआयडी कंट्रोलरच्या, म्हणजे फ्लो किंवा तापमान ठरल्या जागी ठेवणाऱ्या यंत्राच्या, व्हिडिओत गेन (त्याच्या प्रतिसादाची तीव्रता) थोडा कमी केला की आलेख शांत होतो. प्लांटमध्ये फ्लो वर-खाली झुलत असतो आणि गेन कितीही बदलला तरी थांबत नाही. तेव्हा लूप मॅन्युअलवर टाकून, म्हणजे कंट्रोलरची आपोआप चालणारी दुरुस्ती बंद करून, पाहायचे. झुलणे चालूच राहिले तर कारण बाहेरून येत आहे. थांबले तर संशय ट्यूनिंगवर किंवा व्हॉल्व्हवर. मग आउटपुट अर्धा-अर्धा टक्का वाढवत जायचे आणि फ्लो दाद देतो का ते बघायचे. दोन-तीन पायऱ्या काहीच हालचाल नाही आणि मग एकदम उडी, असे झाले तर व्हॉल्व्ह अडकतो आहे, त्याच्या दांड्याभोवतीचे ग्लँड पॅकिंग बघायला फिटरला बोलवा. नव्याने लागलेली हुशार मुले कंट्रोलरच्या पडद्यावरून नजर काढायला तयार नसतात, कारण शिकताना सगळी उत्तरे त्यांना पडद्यावरच मिळालेली असतात.

चॅटजीपीटीसारख्या साधनांना विचारून आठवड्याची असाइनमेंट काही मिनिटांत भरता येते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने २५ गुणांची सोय होईल. उरलेल्या ७५ गुणांसाठी परीक्षा केंद्रावर एकट्याने बसावे लागते, आणि मुलाखतीत तर ट्रान्समीटर (मोजमाप विद्युतप्रवाहाच्या रूपात पाठवणारे उपकरण) समोर ठेवून ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये १२ म्हणजे किती टक्के असे तोंडी विचारतात. ही साधने वापरायचीच तर आधी स्वतः सोडवून मग आपली पायरी तपासायला द्यावी. उलट क्रमाने वापरली की सुरुवातीला सांगितलेला भास आणखी घट्ट होतो, कारण व्हिडिओत निदान प्राध्यापकांच्या वेगाने विचार करावा लागत होता, इथे तोही लागत नाही.

शक्य असेल तर तालुक्यातले दोघे-तिघे मिळून एकच कोर्स घ्या. आम्ही रविवारी सकाळी फोनवर बोलत असू आणि ज्याची पाळी असेल त्याने आठवड्यातली एक कल्पना वही न उघडता समजावून द्यायची, बाकीच्यांनी फक्त ‘का?’ विचारायचे, असा नेम होता. तिसऱ्या ‘का’ला सांगणारा अडखळला की पुढच्या आठवड्यात त्याने पहिल्यांदा काय उघडायचे ते ठरून जाई. पहिला कोर्स निवडताना मात्र नवे आणि आकर्षक नाव असलेला घेऊ नका. डिप्लोमात जो विषय जेमतेम सुटला होता तोच घ्या. परीक्षेची नोंदणी कोर्सच्या नोंदणीहून वेगळी असते, तेव्हा पहिल्या काही असाइनमेंट स्वतःच्या हाताने सोडवून पाहा आणि शेवटची तारीख उलटण्यापूर्वी शुल्क भरून आपल्याला सोयीचे केंद्र निवडा.