गांजाच्या अपिलात ‘कट’ कसा तपासावा

ओडिशाकडून आलेल्या गाडीत, नागपूर स्टेशनवर बॅग सापडते. बॅगवाला जागीच धरला जातो, आणि आठ दिवसांनी इतवारीत भाड्यानं राहणारा कुणी ‘कटात सामील’ म्हणून एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, कलम २९ खाली आत जातो. त्याच्याकडे चिमूटभर गांजा मिळालेला नसतो. पण बॅगेत २० किलोच्या वर माल असेल तर शिक्षा त्यालाही तीच, किमान १० वर्षं.

सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्ट खंडपीठात अशी अपिलं चालवताना माझ्या ज्युनिअरांना मी आधी निवाडे शोधू देत नाही. पेपर बुक, म्हणजे खालच्या कोर्टातल्या कागदांचा संच, घ्या, लाल पेन्सिल घ्या. कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब जिथे जिथे आलाय तिथे काट मारा. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या तोफान सिंग निकालानंतर तो कबुली म्हणून चालत नाही. सहआरोपीनं पोलिसांपुढे घेतलेल्या नावावरही काट मारा. आता उरलं काय, ते वाचा.

बहुतेक वेळा उरतो सीडीआर, म्हणजे फोन कॉलची नोंद. कोण कुणाशी किती वेळ बोललं ते त्यात असतं, काय बोललं ते नसतं. सिम कुणाच्या नावावर, फोन कुणाकडून जप्त झाला, पंच काय म्हणाला, हे एकेक जुळवा. पैसे दिल्याचा, तिकीट काढल्याचा, लॉजच्या रजिस्टरचा पुरावा असेल तर तो खरा धोका, तिथे जास्त वेळ द्या.

सीडीआरला जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बी चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं, प्रमाणपत्र नाही म्हणून हुरळून जाऊ नका. खालच्या कोर्टात आक्षेप घेतला होता का? नसेल तर अपिलात तो पहिल्यांदा घेता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सोनूच्या प्रकरणात सांगितलंय. मग जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ चा जबाब, म्हणजे पुराव्याबद्दल कोर्टानं आरोपीला विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरं, उघडा. फोनबद्दल आरोपीला विचारलंच नसेल तर ती परिस्थिती त्याच्याविरुद्ध वापरू नये, हे १९८४ च्या सारडा निकालापासून आपल्या हातात आहे. मात्र त्यामुळे आरोपीचं नुकसान काय झालं, तेही मांडावं लागतं.

आणि तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी तीनदा वाचा. माझ्या एका अपिलात सगळा कट अकरा कॉलवर उभा होता. तिसऱ्या वाचनात एक ओळ सापडली: ‘दोन्ही आरोपी साडू आहेत, हे खरे आहे.’ खालच्या निकालात तिचा उल्लेखच नव्हता. युक्तिवाद आम्ही त्या ओळीपासून सुरू केला.