सस्पेन्शन काढून रिजिड फोर्क बसवताय? या चुका टाळा

गोव्यात दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलला सस्पेन्शन (धक्के शोषणारी यंत्रणा) नसतं. मागे पावांची टोपली बांधून तो भोंपू वाजवत वाड्यावाड्यातले खड्डे आणि गतिरोधक साध्या चिमट्यावर (फोर्कवर) पार करतो. त्यामुळे कमी किमतीच्या एमटीबीचा (माउंटन बाइकचा) गंजलेला सस्पेन्शन फोर्क काढून रिजिड, म्हणजे न दबणारा, बसवण्यात वावगं काही नाही. खाऱ्या हवेत या फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे चट्टे पडतात, सील फाटतात, आणि मग अडीच किलोचं ओझं नुसतं वाहायला उरतं. स्टीलचा रिजिड फोर्क साधारण एक ते सव्वा किलोत येतो.

गाडं अडतं ते खरेदीत. ‘चाक २६ चं आहे, २६ चा फोर्क द्या’ एवढ्यावर ऑर्डर जाते.

चाक बसलं म्हणजे फोर्क बसला, असं नाही

सगळं ठरतं ते एक्सलच्या (चाकाच्या दांड्याच्या) मध्यापासून क्राउनपर्यंतच्या (फोर्कचे दोन पाय वर जुळतात तिथपर्यंतच्या) लांबीवर. खरेदीच्या पानावर ती ‘ए-टू-सी’ म्हणून दिलेली असते. १०० मिमी ट्रॅव्हलच्या (म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणाऱ्या) २६ इंची सस्पेन्शन फोर्कची ही लांबी ४७० मिमीच्या आसपास असते. त्याच चाकाचा जुन्या पद्धतीचा रिजिड फोर्क मात्र ४००-४१० मिमीचा. चाक दोन्हींत बसतं, फसगत तिथेच होते.

सस्पेन्शन फोर्क तुम्ही बसल्यावर थोडा दबतो, तेवढं वजा करायचं. १०० मिमी ट्रॅव्हलमध्ये २० मिमी दबतो असं धरलं तर ४७० चे ४५० झाले. म्हणजे ४५० च्या जवळपासचा, ‘सस्पेन्शन करेक्टेड’ (सस्पेन्शन फोर्कच्या उंचीशी जुळवलेला) लिहिलेला फोर्क हवा. पाच-दहा मिमी इकडेतिकडे चालतं. ४०५ चा घेतलात तर पुढचा भाग ४५ मिमी खाली येतो. ढोबळ हिशोब असा, की दर २० मिमीला हेड ट्यूबचा (फ्रेमच्या पुढच्या नळीचा) कोन एक अंशाने उभा होतो आणि पेडलचा मधला एक्सल सुमारे ८ मिमी उतरतो. इथे दोन अंशांहून जास्त फरक पडला. हँडल चंचल होतं, उतारावर सायकल हातात राहत नाही, आणि पायवाटेवर जांभ्याच्या चिऱ्याला पेडल घासतं. उलट फार लांब फोर्क घेतला तर पुढचं तोंड वर उचललं जातं, चढावर चाक भरकटतं आणि हेड ट्यूबच्या जोडावर जादा ताण येतो.

मोजायचं कसं? सायकल सरळ उभी करा. एक्सलच्या मध्यापासून खालच्या बेअरिंगची रेस (कडी) ज्या पृष्ठभागावर बसते तिथपर्यंत टेप धरा. फोर्कच्या नळीवर एक झिप टाय (प्लास्टिकची बांधायची पट्टी) घट्ट सरकवून खाली सीलला टेकवा, भिंतीला हात लावून नेहमीसारखे बसा, न हिंदकळता उतरा. झिप टाय जितकी वर सरकली तितका फोर्क दबला. फोर्क गंजून अडकला असेल तर झिप टाय जागची हलणार नाही. अशा वेळी आता जी लांबी आहे तीच धरा. तुमच्या हातांना सवय त्याच उंचीची आहे.

आखूड फोर्क आधीच बसवून झाला असेल तर जाड टायर, उंच स्टेम (हँडल धरणारा जोड) असले उपाय करत बसू नका. स्टेम वर घेतल्याने हँडल उंच होतं, कोन आहे तिथेच राहतो. फोर्क बदलून घ्या.

स्टीअरर ट्यूब

स्टीअरर म्हणजे हेड ट्यूबमधून वर जाणारी फोर्कची नळी. सरळ स्टीअरर २८.६ मिमीचा असतो, टेपर्ड खाली दीड इंचापर्यंत रुंदावतो. टेपर्ड फ्रेममध्ये सरळ फोर्क रिड्यूसर रेस लावून बसतो. ३४ मिमीच्या सरळ हेड ट्यूबमध्ये टेपर्ड फोर्क मात्र बसत नाही, हातोडी घेतली तरी नाही. जुन्या सायकलींना वर आटे असलेला स्टीअरर असतो, तो प्रकारच वेगळा.

लांबी: हेड ट्यूब + हेडसेटचे (हेड ट्यूबच्या बेअरिंगच्या संचाचे) कप + स्पेसर (स्टेमजवळच्या कड्या) + स्टेमची उंची, वजा ३ मिमी. उदाहरणार्थ १२० + २५ + २० + ४० = २०५, म्हणजे कापायचं २०२ वर. पहिल्यांदा कापताना १० मिमीचा एक स्पेसर जास्तीचा धरा. जास्त राहिलेला स्टीअरर पुन्हा कापता येतो. जुना स्टेम करवतीला आधार म्हणून लावा, कापल्यावर कानशीने कडा साफ करा. स्टार नट (टोपीचा बोल्ट ज्यात आवळतो तो) १५ मिमी आत ठोका. कार्बन स्टीअररमध्ये स्टार नट ठोकू नका, त्याला एक्स्पांडर (आत फुगून घट्ट बसणारा भाग) लागतो.

ब्रेक आणि एक्सल

बरेच रिजिड फोर्क फक्त डिस्कचे असतात, त्यांना व्ही-ब्रेकचे (रिमवर पॅड दाबणाऱ्या ब्रेकचे) खुंट नसतात. खुंट असले तरी ते चाकाच्या मापाप्रमाणे असतात. ७०० सी आणि २६ इंचाच्या रिमच्या त्रिज्येत साडेएकतीस मिमीचा फरक आहे, तिथे ब्रेक पॅड रिमपर्यंत पोचतच नाही. डिस्कला आयएस माउंट आहे की पोस्ट (कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा भाग, बसवायच्या या दोन पद्धती), आणि फोर्कला किती मोठी डिस्क चालते, हे बघून अडॅप्टर घ्या. हबचा एक्सल क्विक रिलीजचा आहे की १५ मिमीचा थ्रू, हेही ऑर्डरआधीच तपासा.

बसवल्यावर येणाऱ्या तक्रारी

ब्रेक लावताना हँडलखाली ‘टक’ असा आवाज आला तर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला आणि खालच्या कपावर बोट ठेवा. बोटाला हालचाल जाणवली तर हेडसेट ढिला आहे. स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करून मगच वरचा बोल्ट आवळायचा. आवळूनही ढिला राहतो? स्टीअरर स्पेसरच्या वर आला असेल आणि टोपी त्यालाच टेकत असेल, किंवा खालची रेस पूर्ण बसली नसेल.

सायकल एका बाजूला ओढते तेव्हा बहुधा ड्रॉपआउटमधल्या (एक्सल बसतो त्या खाचेतल्या) रंगाच्या थरामुळे चाक तिरकं बसलेलं असतं. तेवढा रंग खरवडा. डिस्क घासत असेल तर कॅलिपरच्या माउंटवरचा रंगही बघा.

हात बधिर होणं ही सर्वांत जास्त येणारी तक्रार, आणि तिचं कारण बहुतेकदा पंपात असतं. आता धक्का खायचं काम टायरचं आहे, तरी ५०-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरणारे कमी नाहीत. २.१ इंची टायर आणि ७० किलोचा माणूस असेल तर पुढे ३० ते ३५ वर सुरुवात करा. फेरीबोटीच्या धक्क्यावर किंवा खड्ड्यात रिम आपटते असं वाटलं तर दोन-दोन पीएसआय वाढवा.

राहिला पाऊस. स्टीअरर खालून उघडा असतो, त्यामुळे चाकाने उडवलेलं तांबडं पाणी थेट आत आणि खालच्या बेअरिंगवर जातं. स्टीलचा फोर्क बसवण्याआधी नळीच्या आत तेल फिरवा, रेसला ग्रीस भरपूर लावा. जुन्या ट्यूबचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा आधीच हेड ट्यूबच्या खालच्या टोकावर चढवून ठेवा आणि फोर्क बसल्यावर तो फटीवर ओढून घ्या. जूनआधी एकदा आणि चतुर्थीनंतर एकदा फोर्क उतरवून ग्रीस बदला.